पाय तिचे, पावती माझी

मराठी माणसाला मागता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी श्रावणात कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहावं. एरवी वाण्याकडून सुटे दोन रुपये परत मागायला लाजणारा माणूस गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक हातात आलं की तिसऱ्या मजल्यावरची बेल दाबतो आणि म्हणतो, "गेल्या वर्षी हजार एक होते. यंदा पंधराशे एक लिहू ना?" आणि समोरच्याचं 'अहो पण' पुरं व्हायच्या आत लिहूनही टाकतो. पुस्तकात कार्बन पेपर असतो, पावतीवर गजाननाचं चित्र असतं, मागे चार कार्यकर्ते चपला वाजवत उभे असतात. मागणारा तो नसतोच. मागतो बाप्पा, हा नुसतं पुस्तक धरतो.

ठाण्याच्या आमच्या सोसायटीत हे पुस्तक मी बरीच वर्षं धरलं. आयुष्यभर लेखा विभागात नोकरी केल्यामुळे खजिनदारकी माझ्याकडे आली आणि राहिली. त्यामुळे बायकोने जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायचं ठरवलं, तीही पूर्ण, बेचाळीस किलोमीटरची, आणि वर एका कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी निधी गोळा करायची हमी दिली, तेव्हा घरात कामाची वाटणी अर्ध्या मिनिटात झाली.

"धावायचं मी बघते. मागायचं तू बघ. तुला सवय आहे."

ही गणित शिकवते. तिच्या वाक्यात पायऱ्या गाळलेल्या नसतात, त्यामुळे वाद घालायला फट मिळत नाही.

पहिला दाता म्हणून मी तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर निवडले. वर्गणीचा अनुभव असा की तळमजल्याने आकडा टाकला की वरचे मजले त्याच्या आसपास राहतात. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि प्रश्न विचारायला घेतले.

"म्हणजे त्या मुलांना ऐकू येत नाही."

"हो."

"म्हणून वहिनी धावणार."

"हो."

"वहिनी धावल्यामुळे त्यांना ऐकू येईल?"

"धावल्यामुळे नाही. पैशांमुळे."

"मग पैसे घ्या की! कानासाठी वहिनींना कशाला पळवता?"

त्यांनी पैसे दिले, चांगले दिले. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि पुढे प्रत्येक मजल्यावर तो वेगवेगळ्या कपड्यांत भेटत गेला. शाळेची गरज समजावणं सोपं होतं. श्रवणयंत्र एकदा मिळालं की काम झालं असं आपल्याला वाटतं. पण यंत्राचा आवाज कानात पोचवणारा जो साचा असतो तो त्या मुलाच्या कानाच्या मापाने करावा लागतो. मूल वाढतं, कान वाढतो, साचा सैल होतो, फटीतून आवाज बाहेर येऊन यंत्र शिट्टी मारायला लागतं. की नवा साचा. लहान मुलांना तो वरचेवर लागतो. शिवाय बॅटऱ्या. यंत्र देताना पाहुणे येतात, फोटो निघतो. साच्याचा आणि बॅटरीचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून त्यांना पैसे लागतात. हे ऐकल्यावर माणसं गंभीर होत, मान हलवत आणि मग म्हणत, "ते पटलं हो. पण धावायचं काय मध्येच?"

पायांचा आणि देणग्यांचा संबंध महाराष्ट्राला नवा आहे असं नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला गेला, तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की ते संध्याकाळी पायी हिंगण्याला जात आणि सकाळी पायी परत येत. उरलेल्या वेळात दारोदार देणग्या. लहानपणी तर परीक्षेला बसायचं म्हणून मुरूडहून साताऱ्याला डोंगर ओलांडून चालत गेले होते आणि तिथे, तू फार लहान दिसतोस म्हणून बसू दिलं नाही. १९५१ साली विनोबा पोचमपल्लीहून निघाले ते वर्षानुवर्षं चालत राहिले आणि लोकांकडे पैसे नाही, जमीन मागितली. पण या दोघांपैकी कुणीही 'मी इतके मैल चालतो, तुम्ही इतके द्या' असा सौदा केला नाही. त्यांना खरोखर कुठेतरी पोचायचं होतं आणि पाय हे वाहन होतं. आमची ही सीएसएमटीहून निघून सीएसएमटीलाच परत येणार होती. मध्य रेल्वेने रोज जाणाऱ्या माणसाला यात नवं काय ते कळेना.

कुठेही न जाता धावायचं आणि त्याचे पैसे धर्मकार्याला लावायचे, हे जगाला लावलं लंडनने. तिथली मॅरेथॉन १९८१ साली सुरू झाली आणि हळूहळू इंग्रजांच्या असं लक्षात आलं की नुसतं धावणाऱ्यापेक्षा गैरसोयीत धावणाऱ्याला लोक जास्त देतात. मग गेंड्याच्या रक्षणासाठी माणसं गेंड्याच्या पोशाखात धावू लागली. २००२ साली लॉइड स्कॉट नावाच्या गृहस्थांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी खोल समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्याचा जुना पोशाख चढवला, शिशाच्या बुटांसकट, आणि ती मॅरेथॉन पाच दिवसांहून अधिक काळ चालली. आम्हा हिंदूंना हे समजायला अवघड जाऊ नये. नवस फेडायला लोटांगण घालत जाणाऱ्याला आपण रस्ता करून देतो, पाणी देतो; 'रिक्षा करा की' असं म्हणत नाही. तरी आमच्या हिला मात्र सगळे रिक्षाच सुचवत होते.

खुद्द धावण्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग मी बहुतेक झोपेत अनुभवला. गजर चार वाजता व्हायचा. पुढे ती येऊरच्या चढावर जायची आणि मी कूस बदलायचो. येऊर राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तिथे बिबट्याचा वावर असतो, हे मी तिला काळजीने सांगितलं. "मग वेग सुधारेल," ती म्हणाली. रविवारी लाँग रन. त्यामुळे शनिवारची लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं सगळी साडेआठच्या आत आटपायची. 'आम्हाला जरा लवकर वाढता का' असं यजमानांना मी विचारायचो, म्हणजे तिथेही मागायचं खातं माझंच. जेवणाच्या टेबलावर टेम्पो, इंटरव्हल, पेस, टेपर असले शब्द आले. टेम्पो म्हणजे माल वाहणारा, एवढीच माझी समजूत होती. टेपर म्हणजे शेवटचे दोन-तीन आठवडे धावणं कमी करायचं, शरीराला विश्रांती द्यायची. हा काळ धावणाऱ्याला अवघड जातो असं पुस्तकं सांगतात; त्याच्या घरच्यांबद्दल पुस्तकं गप्प आहेत. रोज दहा किलोमीटर खर्च होणारी शक्ती अचानक घरात शिल्लक राहते. त्या पंधरवड्यात आमच्याकडचे माळे साफ झाले, माझ्या जुन्या फायली रद्दीत गेल्या आणि मलाही जरा हलवून पाहण्यात आलं.

एक गोष्ट मात्र मला लगेच समजली, कारण ती माझ्या भाषेतली होती. शरीरात वापरायला तयार असलेली साखर, ग्लायकोजेन, साधारण दोन हजार कॅलरींची असते. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला जवळपास एक कॅलरी जाते. हिचं वजन अठ्ठावन्न. म्हणजे तिशी ओलांडली की चालू खातं तळाला. चरबीची मुदत ठेव भरपूर असते, पण ती मोडायला वेळ लागतो आणि पाय थांबायला तयार नसतात. धावणारे याला भिंत लागणं म्हणतात. त्यावर उपाय म्हणून मध्ये मध्ये जेल नावाची महागडी चिकट पुडी खायची. हिने पहिली पुडी चाखली, किंमत वाचली आणि राजगिऱ्याचे लाडू वळून कमरेच्या पट्ट्यात भरले. शर्यतीआधीचे तीन दिवस पिष्टमय पदार्थ वाढवायचे असतात. आमच्याकडे त्या काळात पुरणपोळी झाली. सरावात मी सहभागी झालो तो एवढाच.

पण माझं खरं मैदान व्हॉट्सॲप होतं. 'आपलं घराणं' या ग्रुपवर मी निवेदन टाकलं, खाली लिंक दिली. दुपारपर्यंत अंगठे, जोडलेले हात, फुगे, एक नाचणारी बाई आणि 'नारी शक्तीला सलाम' असा मजकूर जमला. लिंकवर शून्य. वर्गणीच्या धंद्यातलं हे जुनं तत्त्व मी विसरलो नव्हतो: कौतुक करून झालं की माणसाला दिल्यासारखंच वाटतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी एकेकाला फोन लावला. माझ्या बहिणीने हिच्या गुडघ्यांची इतकी चौकशी केली की शेवटी तीच म्हणाली, "गुडघ्यांसाठी काही लागलं तर सांग, तेव्हा देईन." एका साडूंनी विचारलं, "ऐंशी-जी आहे का?" आहे म्हटलं, रोख दोन हजारांच्या आत द्या, त्यापुढे खात्यातून. ते खूश झाले, मग थबकले. "पण मी नव्या कररचनेत गेलोय. तिथे ती सवलत नाही." "बरोबर." "मग आता उपयोग नाही ना." मी म्हणालो, मुलांना आहे. यावर त्यांनी दिले, पण आवाजात फसवणूक झाल्याचा सूर होता.

अमेरिकेतल्या भाच्याचं प्रकरण त्याहून नाजूक. तो मोठी रक्कम द्यायला तयार होता. आता आपला कायदा असा की पासपोर्ट भारतीय असेल तर परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे देशी. माणूस तिथला नागरिक झाला असेल तर तेच पैसे परदेशी देणगी, त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच ठरलेल्या शाखेतल्या खात्यात यावे लागतात. खजिनदार म्हणून मला विचारणं भाग होतं. ग्रुपवरच विचारलं, "तू नागरिकत्व घेतलंस का रे?" भाचा दोन तास दिसेनासा झाला. मग त्याच्या आईचा, म्हणजे त्याच गुडघेवाल्या बहिणीचा, मला फोन आला. त्याने शपथ घेतली होती आणि घरी सांगायला चांगला मुहूर्त शोधत होता. देणगी त्यातून आली नाही. ताईने मात्र त्याच दिवशी आपल्या खात्यातून पाच हजार एक पाठवले, भाच्याला दाखवायला की अजून या घराण्यात देशी पैसा आहे.

पाच हजार एक. हा वरचा रुपया आमच्या लोकांना सोडवत नाही. लिंकवर पाचशे, हजार, अडीच हजार अशी तयार बटणं होती. आमच्या दात्यांनी ती टाळून, 'इतर रक्कम' शोधून काढून पाचशे एक भरले. आणि नाव देऊ नये असा एक चौकोन होता. थोरांनी सांगितलंय की उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये. त्या चौकोनात खूण केलेली दानं पाहिली तर बहुतेक एकशे एकची निघाली. दोन हजारांच्या वर सगळ्यांची पूर्ण नावं होती, काहींची पदव्यांसकट.

मागून मागून माझं एक मत झालं. धावण्याने पैसे येत नाहीत. पैसे येतात ते ओळखीने, भिडेने, मागे कुणी कुणाच्या मुंजीला काय दिलं होतं त्याच्या हिशेबाने. धावण्याने फक्त मागणाऱ्याला तोंड मिळतं. बाप्पाचं पुस्तक हातात नसताना आपण कुणाकडे हात पसरावा तर आपल्याच नजरेत लाचार ठरतो. पण घरातलं माणूस चार वाजता उठून पायाची नखं काळी करून घेतंय म्हटलं की भीक राहत नाही, मजुरी होते. ती लाज तिने पायांनी आधीच फेडलेली असते. मी फक्त वसुलीला जातो.

हे मत हिला ऐकवून मी ताळेबंदही समोर ठेवला: बूट, प्रवेश शुल्क, घड्याळ, मोजे, पहाटेच्या रिक्षा. "इतक्या खर्चात शाळेला सरळ एवढे देता आले असते," मी म्हणालो.

"दिले असते का?"

मी ताळेबंद मिटला.

मग ती बारामतीच्या लता करे यांच्याबद्दल बोलली. साठीच्या पुढच्या या बाई नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून तिथल्या मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि बक्षीस जिंकून घेऊन आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांच्याकडे ना लिंक होती, ना खजिनदार. या गोष्टीवर मला विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

नाशिकच्या मामांकडे मी मुद्दाम शेवटी गेलो. मामा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून कुणाच्या घरी गेले तरी कंपाउंडची भिंत डोळ्यांनी मोजतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाईला सांग, किलोमीटरला शंभर रुपये. पण काम पूर्ण झाल्यावर. आगाऊ नाही. अंतर किती?"

"बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर."

"हे एकशे पंच्याण्णव कुठून आले?"

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून काढली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्ज्यासमोर संपवली. ते अंतर इतकं भरलं आणि १९२१ साली तेच कायम झालं, असं मी सांगितलं.

"म्हणजे इंग्लंडच्या राणीला बसल्या जागेवरून दिसावं म्हणून मी साडेएकोणीस रुपये भरायचे?"

"हो."

"ठीक. चार हजार दोनशे एकोणीस रुपये पन्नास पैसे. लिहून ठेव."

जानेवारीतल्या त्या रविवारी रेल्वेने पहाटे खास गाड्या सोडल्या होत्या. आमच्या डब्यात सगळ्यांच्या छातीवर नंबर, सगळे उठून पायांचे स्नायू ताणतायत आणि बसायला जागा मिळूनही कुणी बसत नाही. मध्य रेल्वेवर हे दृश्य मी पुन्हा पाहीनसं वाटत नाही. तिला सोडून मी पेडर रोडच्या चढावर जाऊन उभा राहिलो. हा चढ येताना लागतो तेव्हा पस्तीसेक किलोमीटर झालेले असतात, म्हणजे चालू खातं केव्हाच संपलेलं. रस्त्याच्या कडेला तिथली बिऱ्हाडं उतरलेली. कुणी मीठ लावलेली संत्र्याची फोड पुढे करतंय, कुणी चिक्की, कुणी नुसतीच थाळी बडवतंय. गुजराती आजीबाई परक्या माणसांना 'चालो चालो' म्हणून दटावत होत्या आणि ती माणसं खरोखर चालायची थांबून पळायला लागत होती. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, पावतीही नाही.

ही दिसली. चेहरा दहावीचे पेपर तपासताना असतो तसा. मी हात हलवले, नावाने हाक मारली. ती माझ्याकडे वळली. मला वाटलं पाणी मागेल.

"किती जमले?"

"चार हजार कमी आहेत!" मी तिच्या बाजूने पळत ओरडलो. "मामा पूर्ण केल्याशिवाय देणार नाहीत!"

यावर ती जे म्हणाली ते मामांपर्यंत पोचवण्यासारखं नव्हतं. पण चढावर तिने माझ्यासमोर तिघांना मागे टाकलं. मला मात्र पंचवीस पावलांत धाप लागली आणि एका आजीबाईंनी माझ्या हातात संत्र्याची फोड ठेवली.

संध्याकाळी पाय बादलीत बुडवून ती बसली असताना मी मामांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पदकाचा फोटो पोचला होता. मामांनी तो बाजूला सारला.

"घड्याळात अंतर किती आलं?"

"बेचाळीस पॉइंट नऊ."

"सातशे मीटर जादा? कसे?"

मी समजावलं की मोजणी रस्त्यातल्या सगळ्यात जवळच्या रेषेने होते, वळणावर आतल्या कडेने. गर्दीत तसं धावता येत नाही. पाणी घ्यायला इकडून तिकडे जावं लागतं. घड्याळाचीही थोडी चूक असते.

"मोजणी कशाने केली?"

"सायकलने. चाकाला मोजयंत्र लावून. आधी फीत धरून मोजलेल्या अंतरावर सायकल तपासून घेतात."

मामा क्षणभर गप्प राहिले. साखळी घेऊन उन्हातान्हात आयुष्य काढलेल्या माणसाला सायकलचा हेवा वाटला असावा. मग म्हणाले, "तर मग सूनबाई मोजणीच्या रेषेबाहेर धावली. ते सातशे मीटर तिच्या हौसेचे. माझ्याकडे बेचाळीस एकशे पंच्याण्णवचेच पैसे निघतात."

तेवढ्यात हिने बादलीतून पाय न काढता फोन ओढून घेतला. "मामा, नियम असा आहे की अंतर कमी भरू नये म्हणून आखणी करताना किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. म्हणजे रेषेवरसुद्धा बेचाळीस मीटर जादाच असतात. तुमच्याकडे अजून चार रुपये बावीस पैसे निघतात."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"असं म्हणतेस," मामा म्हणाले. "कागद आहे का तसा? सही-शिक्क्याचा?"